संदर्भ हवा

यातला एकही शब्द बनावट नाही. पुरावा मात्र मागू नका. बारा वर्षं मीच लोकांकडे पुरावे मागत आलोय.

इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही यावं आणि लिहावं असा. त्यामुळे कुणीही येतं आणि काहीही लिहितं. बिनसंदर्भाची वाक्यं शोधून उडवणं हे माझं काम. पगार शून्य, शिव्या पोटभर.

गेला मंगळवार. दुपारचे पावणेचार. मी घरीच, बाहेरच्या खोलीत.

आमच्या शहरातल्या बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या लेखात एक ओळ आली...

‘शेवटचं बातमीपत्र वाचताना निवेदिका दोनदा खोकली.’

खोकली असेल! जगाला काय त्याचं? संदर्भ नव्हता. काढून टाकली.

दोन मिनिटांत परत. पुढे भर...

‘तिने खुणेने पाणी मागितलं.’

काढली.

‘कुणी दिलं नाही.’

लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. कारणाच्या रकान्यात एवढंच, ‘मी तिथे होते.’

माझं डोकंच फिरलं. मी तिथे होते, हा काय संदर्भ झाला? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल. पान कुलूपबंद केलं. आता माझ्यासारख्या चारदोन जणांशिवाय कुणालाच त्यात बदल करता येणार नव्हता.

तरीही ओळ आली...

‘संदर्भ: तुझे बाबा.’

बाबा त्या केंद्रात तंत्रज्ञ होते. ते आत भाजी निवडत बसले होते. मी वैतागूनच विचारलं, असं काही झालं होतं का?

त्यांचे हात थांबले.

“हे तुला कुणी सांगितलं?”

मी बाहेरच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

“काचेपलीकडून बाई पाणी मागत होत्या. मी खूण केली, आधी बातम्या संपवा. त्यांनी संपवल्या... आणि तिथेच मान टाकली. साहेबांना मी सांगितलं, मी खोलीत नव्हतोच.”

त्यांनी पुन्हा भाजी निवडायला घेतली.

“मी आहे तोवर हे कुठे लिहू नकोस. नंतर हवं ते कर.”

मी शब्द दिला.

बाहेर येऊन तिला उत्तर लिहिलं. इथेच माती खाल्ली. बारा वर्षांची सवय, बोटांनी आपोआप तेच टंकलं: ‘घरातली बोलणी चालत नाहीत. प्रकाशित संदर्भ आणा, मग ओळ ठेवतो.’

त्यानंतर पाच दिवस काहीच नाही.

मन हलकं व्हावं म्हणून काल हे सगळं लिहून काढलं. फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. कुणाला दाखवलेलंही नाही.

आज सोमवार. सकाळी पान उघडलं...

ओळ जागेवर. खाली संदर्भ, अगदी नियमात बसणारा. लेखाचं नाव ‘संदर्भ हवा’. लेखक मी. प्रकाशनाची तारीख येत्या गुरुवारची.

सात वेळा काढला. सात वेळा परत आला. नाकी नऊ आलेत. कुणाकडे तक्रार करू, आणि काय म्हणून?

बाबा आत आहेत. जेवलेत, ठणठणीत आहेत. दर दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून मी बघून येतोय. आता तेही वैतागलेत.

ते आहेत तोवर मी हे कुठेही टाकणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

...आणि तरी तुम्ही हे वाचताय.