किरण सोडण्याआधी

पुढील हकीकत घडली तशीच मांडली आहे. ज्यांना शंका असेल, त्यांनी ती खुशाल बाळगावी. तनुजानेही महिनाभर बाळगून पाहिली.

दिवस गेल्या वर्षीचा, चौदा मार्चचा. वेळ भर दुपारची, अडीचची. स्थळ, उस्मानपुऱ्याजवळच्या एका संशोधन संस्थेचे बिनखिडक्यांचे तळघर.

तिथे रेणू फोडले जात. लेसरचा एक क्षणार्धाहूनही अल्प झोत रेणूला हादरवी. निमिषाच्या कोट्यंशाहूनही कमी अंतराने येणारा दुसरा झोत त्याचे इलेक्ट्रॉन हिरावून घेई. हे अंतर बदलत, रेणू तुटतो कसा, ते टिपायचे. काम अभय या तिथल्या संशोधकाचे होते. डिसेंबरात बिडकीनच्या रस्त्यावर त्याची दुचाकी घसरली, तो गेला, आणि नोंदींची शेवटची ओळ कोरी राहिली.

ती भरली, तरच शोधनिबंध त्याच्या नावाने निघणार होता. चार वाजता मात्र लेसरयंत्र दुरुस्तीला जाणार होते. ही शेवटची नोंद त्याच्या आईसमोर व्हावी, म्हणून त्याच्या सहकारी तनुजाने गीताबाईंना मुद्दाम बोलावून घेतले होते.

नियम दोन. दाराबाहेरच्या खुंटीवरून संरक्षक चष्मा घ्यायचा. चालवणाऱ्याने "सोडू?" असे विचारायचे. आतल्या प्रत्येकाने "सोड" म्हटल्यावाचून किरण सोडायचा नाही.

"वेल्डिंगवालीच दिसायले की मी!" चष्मा चढवत गीताबाई म्हणाल्या. "अभ्या लई हसला असता."

तनुजाने दिवा मालवला.

"सोडू?"

"सोड, पोरी."

तिचे बोट बटणावर टेकले.

आणि यंत्राच्या पलीकडून...

"थांब."

तिने झटकन दिवा लावला. पलीकडे कोणीही नव्हते. पंपाची घरघर तेवढी चालू होती.

ती बाहेर धावली. दोन चष्मे त्या दोघींच्या डोळ्यांवर होते. तिसरा, अभयचा, डिसेंबरपासून खुंटीवर तसाच लटकत होता...

खुंटी रिकामी होती.

"मावशी, तुम्ही काही ऐकलंत?" आत परतत तिने विचारले.

"व्हय. थांब म्हणाला."

"पण चार वाजता यंत्र जाईल. त्याचं काम अर्धंच राहील हो!"

गीताबाईंनी चष्मा वर सारून पदराने डोळे टिपले, आणि तो पुन्हा नीट चढवला.

"आन् पुरं झाल्यावर त्यो इथं कशाला येईल?"

तनुजाने दिवा मालवून पुन्हा विचारले, "सोडू?"

पलीकडून उत्तर आले नाही.

या खेपेला गीताबाईही बोलल्या नाहीत.

चार वाजता हमाल आले.

यंत्र जूनमध्ये परतले. अभयचा चष्मा अद्याप सापडलेला नाही. तो आवाज काम चुकण्यापासून वाचवायला आला होता की कायमचे थांबवायला, हे तनुजाला ठरवता येत नाही. म्हणून ओळ अजून कोरीच आहे.

दर रविवारी बिडकीनहून गीताबाईंचा फोन येतो.

"केलं का गं पुरं?"

"नाही, मावशी."

मग गीताबाई फोनपासून तोंड फिरवून, हलक्या आवाजात, कोणाला तरी सांगतात...

"अजून नाय म्हणते."

घरात त्या एकट्याच राहतात.