मागून येतोय

धाकट्याचं पोट बसण्यावर चालायचं. सोफ्याच्या दुकानात तो विक्रेता होता आणि गिऱ्हाइकासमोर सोफ्यावर असा काही रेलायचा, की बघणाऱ्याचे पाय आपोआप दुखायला लागावेत. सतरा वर्षं हेच. मालक कौतुकानं म्हणायचा, "असा बसणारा अख्ख्या बाजारात सापडायचा नाही."

या माणसानं दोन दिवसांची डोंगरवाट चालायचं ठरवलं तेव्हा दुकानातले सगळे पोट धरून हसले. वहिनी तेवढी हसली नाही. तिनं दारामागचे दादाचे बूट आणून त्याच्यापुढं ठेवले.

"तिकडून परत आले तेव्हापासून इथंच पडलेत, भावजी. तुम्हाला मोठे होतील."

"दोन मोजे घालीन."

"आणि ही यादी. तुमच्यासाठीच केली होती त्यांनी."

दादाचं तिरकं अक्षर. आधी तासाभराच्या वाटा चाल, मग दिवसभराच्या, मुक्कामाची वाट सगळ्यात शेवटी. कोरे बूट घालू नकोस. पिशवीत घर भरू नकोस. कुठं जातोयस ते कुणाला तरी खरं सांगून जा. 'खरं' या शब्दाखाली दोन रेघा.

दादा दर वर्षी त्या वाटेसाठी दोघांची नावं नोंदवायचा आणि धाकटा दर वर्षी नवं दुखणं काढायचा. कधी गुडघा, कधी दाढ. दोन वर्षांपूर्वी दादानं वाटेच्या तोंडाशी उभं राहून फोन केला तेव्हा धाकटा पांघरुणात होता. "तू हो पुढे, मी येतोच मागून," म्हणाला आणि त्यानं कूस बदलली. पाचव्या दिवशी दादा कड्याखाली सापडला. दोन दिवसांच्या वाटेवर हा माणूस इतके दिवस काय करत होता, याचं सगळ्यांना कोडं पडलं. धाकट्याला थोडं कळलं होतं. ते त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. वहिनीजवळही नाही. आता एकदा ती वाट चालून यायची आणि मग तिला सांगून टाकायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं.

वाटेच्या तोंडाशी एक खोपटं होतं. आत रखवालदार, त्याच्यापुढं वही. वहीत दोन रकाने होते. नाव आणि किती जण.

"याआधी चाललाय कुठं?"

"दुकानात. इकडून तिकडं."

"मग एकट्याला सोडता येणार नाही. नवख्याबरोबर जोडीदार लागतो."

इतक्या लांब येऊन परत जायचं? धाकट्याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "भाऊ आहे ना. मागून येतोय."

रखवालदारानं पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि 'दोन' लिहिलं. "मला चालेल हो. पण पलीकडच्या दारावरची बाई डोकी मोजते. दोन गेली तर तिला दोन दिसावी लागतात."

पहिल्या तासातच धाकट्याची वरात निघाली. यादी डावलून त्यानं पिशवीत उशी कोंबली होती, घरचीच, मऊ. तिच्यापायी तो झुडपात अडकला, मग वळणावर मागच्या मागं उताणा पडला आणि कासवासारखा हातपाय हलवत राहिला. त्यात बुटांच्या नाड्या. बांधल्या की सुटायच्या. चाळिशी ओलांडली तरी त्याला धड गाठ येत नव्हती. लहानपणी दादाच बांधून द्यायचा, घट्ट, टोकं आत खोचून. कधी चिडला की दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायचा. हा धावायला जायचा आणि तोंडावर आपटायचा. दादा म्हणायचा, "पळायचं नाही. थांबायचं."

अकराव्यांदा वाकून नाडी बांधताना त्याला मागं काठीचा आवाज आल्यासारखं वाटलं. दगडावर, सावकाश. त्यानं वळून पाहिलं. वाट रिकामी होती. त्यानं गाठ मारली, चालायला लागला. आवाजही चालायला लागला.

मुक्कामाची झोपडी डोंगराच्या खांद्यावर होती. तिथला स्वयंपाकी उन्हं कलायच्या आत सूप मांडून बसला होता. दोन वाट्या होत्या.

"मी एकटाच," धाकटा म्हणाला.

"खालून फोन आला, दोघं म्हणून."

"हां. तो... येतोय मागून."

"मग झाकून ठेवतो."

भिंतीला जुन्या वह्यांची चवड होती. धाकट्यानं ती नको नको म्हणत चाळली आणि दोन वर्षांमागची वही सापडली. तिरकं अक्षर लांबूनही ओळखू आलं.

'धाकटा मागून येतोय. आज इथंच थांबतो.'

खाली दुसऱ्या दिवसाची नोंद. 'पाऊस. अजून आला नाही. तरी थांबतो. त्याला बूट बांधता येत नाहीत.'

त्याखाली तिसऱ्या दिवसाची. 'निघतो. आला तर सांगा, मी पुढं हळूहळू चालतोय.'

"ओळखीचे का?" स्वयंपाक्यानं विचारलं.

धाकट्यानं वही मिटली. "नाही," तो म्हणाला, आणि कुणी कानफटात मारावी तसे त्याचे कान तापले.

सकाळी त्याचे बूट दाराकडं तोंड करून ठेवलेले होते. नाड्या बांधलेल्या. घट्ट, टोकं आत खोचलेली.

"तुम्ही बांधल्या?"

"मला काय उद्योग नाही होय?" स्वयंपाकी भांडी विसळत म्हणाला. त्याच्या हातात दोन्ही वाट्या होत्या. दोन्ही उष्ट्या.

गाठी न सोडता त्यानं पाय आत कोंबले. त्या दिवशी त्याची नाडी एकदाही सुटली नाही. पायही घसरला नाही. कड्यावरच्या अरुंद पट्टीवर तो मध्येच थांबला, तर काठीही थांबली. अगदी दोन पावलं मागं. त्यानं मागं पाहिलं नाही. पाहायला हवं होतं, असं पट्टी ओलांडल्यावर त्याला वाटलं. पण त्याचं सगळं वाटणं हे असं, वेळ टळून गेल्यावरचं.

पलीकडचं दार म्हणजे एक लोखंडी फाटक. शेजारी खिडकी, आत स्वेटर विणणारी बाई. फाटकाबाहेर पाचची बस उभी होती. आतली मऊ सीटं इथूनही दिसत होती.

बाईनं चष्म्यावरून पाहिलं. "एकच?"

आता खरं सांगायचं. इतकं चालून आलो ते यासाठीच, त्यानं स्वतःला बजावलं. तोंड उघडलं.

"भाऊ मागून येतोय."

"मग थांबा की. बाक आहे."

तो बसला. बसणं त्याला येत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बसवाल्यानं हॉर्न दिला. बाईनं सुया बदलायला मान खाली घातली. फाटक अर्धवट उघडंच होतं. धाकटा हळूच उठला, पिशवी छातीशी धरली आणि धूम ठोकली.

पहिल्याच पावलाला तो धाडकन तोंडावर आपटला. उशी फाटली. कापूस फाटकापर्यंत उडाला. बसमधली माणसं हसली आणि बस गेली.

त्यानं पायांकडं पाहिलं.

डाव्या बुटाची नाडी उजवीला बांधलेली होती. घट्ट. टोकं आत खोचून.

तो ती गाठ सोडवायला गेला नाही. सरपटत बाकापर्यंत आला. वर बसला.

"दादा," तो म्हणाला, "मी त्या दिवशी येणारच नव्हतो रे. झोपलो होतो."

वारा पडला होता. कापूस जागच्या जागी होता.

"वहिनीला सांगतो," तो म्हणाला. "आता थांबतो मी. तू ये सावकाश."

तो बाकावर जरासा सरकला.

खिडकीतली बाई उठली. वही पुढं ओढून तिनं पेन्सिल बाकाच्या दिशेनं धरली, आधी त्याच्यावर, मग त्याच्या शेजारी. ओठ हलले. तिनं आकडा लिहिला, वही मिटली आणि फाटकाला कुलूप घालायला बाहेर आली.

"आले ना एकदाचे," ती म्हणाली. "यांना आधी सांगा, ओल्या कपड्यांनी बाकावर बसू नका म्हणावं."