नरवेल

"नुसतं पाणी घालून काय होणार? नवरे कुठायत यांचे?"

मी बादली दाणकन आपटली. बांधापलीकडे शेजारच्या रानातला तारक हसत होता. बाबा गेल्यापासून आमच्या रानात कुणी हसलं नव्हतं.

"कुणाचे नवरे रे?"

"तुझ्या परवलांचे. सगळ्या बायकाच दिसतायत. नरवेल कुठं गेले?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. बाबांच्या श्राद्धाला आलेल्या कलकत्त्याच्या काकानं रान साफ केलं होतं... आणि फळ न धरणारे वेल वांझ म्हणून उपटून फेकले होते! म्हणूनच फुलाच्या बुडाशी इवलंसं परवल दिसायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. हा हंगाम बुडाला तर आई रान वीटभट्टीला देणार होती. मग मीही तिथंच विटा वाहणार.

दुसऱ्या पहाटे तारक अळूच्या पानातून त्याच्या वेलांची नरफुलं घेऊन आला. मग रोजच यायला लागला. नरफुलाच्या पाकळ्या मागे सारायच्या आणि पराग मादीफुलाच्या टोकाला हळूच टेकवायचे, एवढंच काम.

"निरू, लग्न लावतेयस की थोबाडीत मारतेयस?"

"तुला बरं ठाऊक, लग्न कसं लावतात ते!"

"नाही ना ठाऊक... म्हणून तर शिकतोय—"

माझे कान तापले. पावसाची भुरभुर आली की तो फुलावर ओंजळीचा आडोसा धरायचा, कारण पराग भिजले की फूल वाया. त्या आडोशाखाली आमची बोटं एकमेकांना लागायची. दोघंही काढून घ्यायचो नाही.

परवलं धरली. आणि भाद्रपदात गंगेनं काठ खायला घेतला. एका दुपारी तारकचं घर, गाय, नदीच्या अंगाचं रान, सगळं धपाधप पाण्यात गेलं.

सकाळी तो आला तो चिखलानं माखलेला, डोक्यावर मुळांसकट वेलांचा भारा.

"नरवेल आहेत. एवढेच काढता आले."

"अरे मेल्या! फळाचे वेल सोडून हे काढलेस? यांना काय लागणार, माझं कपाळ?"

"फळाचे तुझ्याकडे आहेत की."

मला हुंदकाच फुटला. दोघांनी मिळून खड्डे केले, वेल लावले. रस्त्यावर मुकादमाची गाडी भोंगा वाजवत होती. तारक केरळला बांधकामावर मजुरीला निघाला होता.

"मला तू हवा आहेस, ऐकलंस?" मी ओरडून सांगितलं. "परत ये—"

"येतो गं..." तो म्हणाला. वळून मात्र पाहिलं नाही.

वर्ष झालं. ना फोन, ना निरोप. काका पुन्हा आला, खुरपं घेऊन थेट त्या वेलांपाशी बसला.

मी त्याचा हात धरला.

"त्यांना हात लावू नका, काका. ते आमच्या घरचे आहेत."