रोह्याचं विरजण

सुट्टी लागली की हेमांगी आणि ध्रुव एखादं गाव निवडत आणि तिथली छोट्या भट्टीतली बिअर चाखून येत. पाच वर्षांच्या संसारात बंगळूर झालं, पणजी झालं, शिलाँग झालं. लोक गावोगावची देवळं बघतात, ही दोघं टाक्या बघायची. हेमांगी ठाण्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, तिला चवीपेक्षा यीस्टमध्ये रस. ध्रुवला मात्र नोकरी सोडून स्वतःची ब्रुअरी काढायची होती. पेण-रोह्याच्या पट्ट्यात एक कुटुंब तांदळाची बिअर करतं असं त्याच्या कानावर आलं, आणि जानेवारीतल्या एका शनिवारी दोघं निघाली.

पेणला त्या कुटुंबातल्या अक्षयची जागा गणपतीच्या कारखान्यामागे होती. शेजारी मूर्ती उन्हात वाळत होत्या आणि त्यांची पांढरी भुकटी अक्षयच्या पायरीपर्यंत आली होती. आत तीन स्टीलच्या टाक्या, एक लाकडी बाक. अक्षय तिशीचा, कमी बोलणारा.

"तांदूळ आपल्याच शेतातला," तो म्हणाला. "बिअर आंबवायचं विरजण पण घरचं. बाबांनी धरलेलं. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. आता रोह्याला आई राखते."

गाडी हेमांगी चालवणार होती, म्हणून तिने नुसता ग्लास हुंगला. ओल्या भाताचा आणि किंचित पिकलेल्या केळ्याचा वास. यीस्टला असा वास येतोच. ध्रुवने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

"तू कणगी कुठे पाहिलीस?" कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या नवऱ्याला तिने हसत विचारलं.

"नाही पाहिली," तो म्हणाला. मग थोडा गोंधळून ग्लासाकडे बघत राहिला.

वडखळपासून डोलवीच्या पोलाद कंपनीचे ट्रक पुढेमागे होते. नागोठणे मागे टाकून बाराच्या सुमारास दोघं खांब गावाला पोचली. तिथे हायवेपासून आत अक्षयची बहीण प्रणिता त्याच विरजणाची बिअर करायची. पुढे भलंमोठं सारवलेलं अंगण, पलीकडे मांडवात टाकी. ध्रुव तिथे पुन्हा एक छोटा ग्लास प्याला, आणि टाकी बघायला म्हणून उठला.

अंगण सपाट, मोकळं होतं. तरी तो सरळ गेला नाही. मधोमध पोचला तसा डावीकडे वळला, अर्धा वळसा घालून पुन्हा सरळ रेषेत आला. परत येतानाही तसाच.

प्रणिताने हातातला ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही तिथून असे का गेलात?" तिने विचारलं.

"कसा गेलो?"

"तिथं विहीर होती. मी शाळेत होते तेव्हा बुजवली. बाबा शेवटपर्यंत तिला वळसा घालून जायचे. सवय गेली नाही त्यांची."

ध्रुव हसला. "योगायोग असेल. ऊन डोक्याला लागलंय."

प्रणिता हसली नाही. आत जाऊन तिने कुणाला तरी फोन केला आणि बाहेर आल्यावर फक्त हेमांगीशी बोलली. "ताई, रोह्याला आज नका जाऊ. आई घरी नाय."

पण ध्रुव गाडीत जाऊन बसला होता. एवढ्या लांब येऊन मूळ विरजण न बघता परत जायचं, हे हेमांगीलाही पटेना. नमुना मिळाला तर प्रयोगशाळेत लावून बघता येईल, असा विचार तिच्या मनात होताच.

कोलाडवरून रोह्याच्या रस्त्याला लागल्यावर फोनची रेंज गेली. नकाशा थिजला.

"डावीकडे घे," ध्रुव म्हणाला. "पुढं उतार हाय, दमानं."

तो मस्करी करतोय असं तिला वाटलं. पण पुढे खरंच उतार होता.

कुंडलिकेच्या काठाला बंद पडलेली भातगिरण, तिला लागून घर. प्रणिताची आई, सरूबाई, घरीच होती. पासष्टीची, सुकी, ओट्यावर सूप घेऊन वाल निवडत बसलेली. दुपारचे तीन वाजले होते. नदीकडून वारा येत होता, तरी गिरणीच्या दारातून उबदार, आंबूस हवा बाहेर येत होती. अंगातून निघावी तशी.

ध्रुवने कुणाला विचारलं नाही. आत गेला, न बघता फळीवर हात टाकला आणि हाताला लागलेला पितळी पेला विरजणाच्या मोठ्या मातीच्या रांजणात बुडवला. हेमांगी "थांब" म्हणेपर्यंत त्याने तो रिकामा केला होता. मग बाहेर येऊन सरूबाईच्या शेजारी टेकला.

"सरू, अजून वालच निवडतेस व्हय गो? हात दुखत नाय?"

आवाज ध्रुवचाच होता. त्यातला थकवा ध्रुवचा नव्हता.

सरूबाई दचकली नाही. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला.

"दुखतात," ती म्हणाली. "तुमी कसं हाव?"

दोघं बोलत राहिली. म्हशीबद्दल, बांधावरून झालेल्या भांडणाबद्दल, प्रणिताच्या मुलाला महिपती हे आजोबांचं नाव ठेवलं त्याबद्दल. ते ऐकून ध्रुव लाजल्यासारखा हसला. हेमांगीने पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. नाडी अतिशय संथ होती. हात भिजलेल्या मडक्यासारखा गार.

"ध्रुव, चल. आपण निघतोय."

त्याने वर पाहिलं. अंगणात आलेल्या परक्या बाईकडे पाहावं, तसं अदबीनं.

"बाय, तुमी कुणाच्या?"

हेमांगीने त्याचं मनगट सोडलं. ती खांबाला धरून उभी राहिली.

"अक्षयला सांगितलेलं, ह्यातलं पिलेलं माणूस इकडं धाडू नको," सरूबाई पुटपुटली. "न् आलं की माझाच जीव ऱ्हात नाय. एरवी दोन शब्द बोलत्यात न् जात्यात. आज उठत नायत."

"कोण उठत नाही?" हेमांगी ओरडली. "तो माझा नवरा आहे!"

सरूबाई त्याच्यापुढे बसली, तिने त्याचे गुडघे धरले.

"जावा आता. परक्याचं लेकरू हाय ह्ये. त्याची बायको हुबी हाय."

"तिकडं लई गार लागतं, सरू."

"ठाव हाय. जावा."

मग तो उठला. स्वतःहून गाडीकडे चालत गेला.

सरूबाईने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दाबून धरलेलं रडणं.

भिसे खिंड येईपर्यंत हेमांगीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हेमा, पाणी आहे का गं?"

तिने करकचून ब्रेक दाबला. तो डोळे चोळत होता. "झोपलो होतो मी? रोहा गेलं की काय?"

ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात उबदार होता. नागोठण्याला दोघांनी चहा घेतला. पुढे तो नेहमीसारखा बोलत होता, ऑफिसातल्या लोकांच्या नकला करत होता. ठाणं येईतो तिने कारणं जमवली होती. उपाशीपोटी ऊन, उतरलेली साखर, रांजणातली एखादी रानटी बुरशी. त्यातलं बुरशीचं कारण तिला पटलंसुद्धा.

संध्याकाळी साडेसातला दोघं सोसायटीत पोचली. लिफ्टमध्ये तो बटणांकडे बघत उभा राहिला. बटण तिनेच दाबलं.

कुलूप उघडून ती आत गेली, दिवा लावला, पर्स ठेवली आणि वळली.

ध्रुव बाहेरच होता. त्याने बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवले होते. मान किंचित वाकवून तो उंबऱ्यापलीकडून हॉल बघत होता. सोफा, टीव्ही, भिंतीवरचा दोघांचा लग्नातला फोटो. फोटोकडे तो जरा जास्त वेळ बघत राहिला.

"छान हाय घर, बाय," तो म्हणाला. "मी येऊ ना आत?"