शिल्लक उतारू

आमच्या कचेरीत प्रवाशाला अजून उतारू म्हणतात. बाहेर हा शब्द आता कुणी वापरत नाही, पण परिवहन खात्याच्या तक्त्यांत तो ठाण मांडून बसलाय. चढलेले उतारू, उतरलेले उतारू, जखमी उतारू, मयत उतारू. शहरातल्या बसगाड्यांची ही सगळी माहिती दरवर्षी सरकारकडे पाठवायची, तीही ताळमेळ जुळवून, नाहीतर नव्या गाड्यांवर पाणी सोडायचं. हे काम माझं. आकडेवारी विभागात खिडकीशी माझं टेबल आहे, तिथून डेपोचं अख्खं आवार दिसतं. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

आमच्या विभागाच्या साहेबांना त्यांच्या माघारी सगळे ‘गोळाबेरीज’ म्हणायचे. कुठे आकडा अडला की साहेब खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, “दुरुस्ती घाला हो बाई. एवढ्या-तेवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?” गाड्यांची दारं तपासायची राहिली असली तरी ‘तपासली’ अशी दुरुस्ती व्हायची. आम्ही हसायचो, चहा प्यायचो, कामाला लागायचो. पुढे एकदा आभाळ कोसळलं ते नेमकं आमच्या घरावर.

माझी थोरली जाऊ कपड्यांच्या दुकानात इस्त्री आणि दुरुस्तीचं काम करायची. दोन जावांचं पटतं म्हटल्यावर लोक आमच्याकडे संशयानं बघायचे. आमचं नुसतं पटायचं नाही, एकमेकींवाचून पान हलायचं नाही. तिच्या हाताला कायम ओलसर कापडावर गरम इस्त्री फिरल्याचा वास असायचा. मी चिडले की ती म्हणायची, “धाकटे, ये इकडे, तुझ्या कपाळावर इस्त्री फिरवते, आठ्या जातील.” रोज संध्याकाळी ती दुकानासमोर आमचीच बस पकडायची आणि पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर उतरायची.

त्या संध्याकाळी ती मागच्या दारानं उतरत होती. एक पाय रस्त्यावर, एक पायरीवर. दार मिटलं आणि बस निघाली. पुढचं मला सांगवत नाही. ती गेली.

सरकारच्या नियमपुस्तकात याबद्दल स्वच्छ लिहिलंय. दोन्ही पाय जमिनीवर टेकेपर्यंत माणूस उतारूच. दोन्ही टेकले की पादचारी. बसमधल्या कॅमेऱ्यात तिचा एकच पाय खाली टेकलेला दिसतो. साहेबांनी चित्रीकरण माझ्याआधी पाहिलं होतं, आणि माहितीत लिहून टाकलं होतं, ‘मयत व्यक्ती उतारू नव्हे. उतरल्यानंतर पादचारी, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चाकाखाली.’

मी तशीच त्यांच्या खोलीत गेले.

“साहेब, एक पाय वर होता.”

“बाई, तुम्ही घरच्या आहात, तुम्हाला आत्ता काही दिसायचं नाही.”

“मला चांगलं दिसतंय. दार बिघडलेलं होतं.”

“दारं तपासलेली आहेत,” साहेब म्हणाले, आणि पाण्याच्या ग्लासवरची ताटली उगाच सरळ केली. “मयत उतारू लिहिला तर सगळ्या गाड्या उभ्या कराव्या लागतील. कोणी तपासली, कधी तपासली, शंभर प्रश्न. एकीसाठी? बसा, पाणी घ्या.”

मी बसले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी मी गिळलं असतं एखाद वेळेस, नोकरी आहे म्हणून. पण त्या ओळीची नक्कल माझ्या दिरांच्या हातात पडली. भाऊजी ती वाचून तिच्या फोटोकडे न बघता म्हणाले, “ती घाई करायचीच. तिला सांगून सांगून थकलो मी.” ज्या माणसानं तिच्याबद्दल कधी उणा शब्द काढला नव्हता, तो आता गेलेल्या बायकोवर चिडून बसला होता. ते मला सहन झालं नाही. ती ओळ मी बदलून घेणार, आणि त्यांना दाखवणार, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं.

त्याच सुमारास चढ-उतार जुळेनासा झाला.

आमच्या प्रत्येक दारावर एक डोळा बसवलेला असतो. तो चढलेली आणि उतरलेली माणसं मोजतो, आणि ड्रायव्हरसमोरच्या पाटीवर आकडे दिसत राहतात. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. डोळा चुकतो, कधी इकडे कधी तिकडे. पण जाऊबाईंच्या मार्गावरची गाडी एकाच बाजूला चुकायला लागली. दर फेरीला एक उतारू चढलेला, न उतरलेला. फेरी कुठलीही असो, एक शिल्लक.

मी मिस्त्रींना बोलावलं. डेपोतले हे मिस्त्री माणसापेक्षा गाडीशी जास्त बोलतात. त्यांनी डोळा काढला, पुसला, नवा बसवला. तरी एक शिल्लक. गाडी बदलली. तरी एक.

“ताई, यंत्र बरोबर आहे,” ते हात पुसत म्हणाले. “ड्रायव्हर लोक काय म्हणतात ते ऐकलंत का?”

“काय म्हणतात?”

“टाकीच्या थांब्यावर घंटी वाजते. दार उघडतं. उतरत कुणीच नाही. दार मिटेपर्यंत गाडी हलवायला त्यांचा धीर होत नाही.” त्यांनी फडकं खिशात कोंबलं. “कपड्याच्या दुकानासमोर चढतंय, म्हणतात. गाडीत इस्त्रीचा वास येतो.”

 माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगू का, त्याच्या पाठोपाठ आनंदही झाला. ती होती. अजून उतरली नव्हती, आणि ते ती मोजून मोजून सांगत होती.

वर्षाची माहिती सरकारकडे गेली आणि तशीच परत आली. एकेका फेरीतला एक म्हणजे वर्षाचा केवढा तरी ढीग झाला होता. ‘उतारू शिल्लक. खुलासा करावा.’ साहेबांनी दुरुस्ती घातली, पाठवली, परत आली. त्यांनी पुन्हा घातली. ती सकाळी माझ्या पडद्यावर आपोआप पुसलेली होती. साहेबांना वाटलं मीच पुसली. त्यांनी मला खोलीबाहेर बसवून स्वतःच्या हातानं आकडे भरले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत उतरलेल्यांचा आकडा एकानं कमी झाला. दारातून मला त्यांचा चेहरा दिसला. घामानं कॉलर ओली झाली होती.

शेवटी वरून आदेश आला. जबाबदार अधिकाऱ्यानं स्वतः त्या मार्गावर फेरी करावी, हातानं मोजणी करावी आणि मगच सही करावी. साहेब कित्येक वर्षांत बसमध्ये चढले नव्हते.

“बाई, तुम्ही पुढच्या दारावर, मी मागच्या,” ते म्हणाले. “एकदाच काय ते करून टाकू.”

“साहेब, एक ओळ बदला. ती उतारू होती असं लिहा. मोजणीची गरज पडायची नाही.”

“मेलेल्या माणसाच्या धाकानं मी सही करू?” ते हसले, पण ओठ कोरडे होते. “तुमची जाऊबाई आकड्यात बसत नाही, बाई. मी काय करू?”

दुपारचं लख्ख ऊन होतं. गाडीत थोडीच माणसं होती. कुणी पेंगत होतं, एक म्हातारे गृहस्थ मोठ्यानं फोनवर मुलीला औषधांची नावं सांगत होते. साहेब मागच्या दाराशी रुमालानं दांडा धरून उभे होते. प्रत्येक थांब्याला ते आकडा ओरडून सांगत, मी पाटी बघून मान हलवत होते. इथपर्यंत सगळं जुळत होतं.

कपड्यांच्या दुकानासमोर गाडी थांबली. थांब्यावर कुणी नव्हतं. दार उघडलं, मिटलं.

“कुणी नाही,” साहेब ओरडले.

पाटीवर चढलेल्यांचा आकडा एकानं वाढला.

वास आला. आधी अगदी हलका, मग नीट ओळखू येईल असा. ओलं सुती कापड, तापलेलं लोखंड. ज्या सीटवर ती नेहमी बसायची त्या सीटवरचं रेक्झिन हळूच खाली दबलं. माझे डोळे भरून आले. जाऊबाई, मी मनात म्हटलं, मी आहे हो इथे.

पुढच्या थांब्यांवर लोक उतरत गेले. म्हातारे गृहस्थही उतरले. टाकीच्या आधीच गाडीत आम्ही तिघंच राहिलो, ड्रायव्हर, साहेब आणि मी. सीटचं रेक्झिन वर आलं. वास माझ्याजवळून मागच्या दाराकडे गेला.

घंटी वाजली.

“कुणी दाबली?” साहेबांनी मला विचारलं. माझे दोन्ही हात दांड्यावर होते.

गाडी थांबली. दार उघडलं. बाहेर रिकामा फुटपाथ आणि टाकीची सावली.

“साहेब,” मी म्हटलं, “अजून सांगते. लिहितो म्हणा. नुसतं तोंडानं म्हणा.”

“वेड लागलंय तुम्हाला.” ते पायरीवर उतरले आणि वाकून बाहेर दोन्हीकडे पाहिलं. मग एक पाय रस्त्यावर टेकवला. “हे बघा. आहे कुणी इथे? पादचारीसुद्धा नाही.”

पाटीवर उतरलेल्यांचा आकडा एकानं वाढला.

ती उतरली होती; पाटीवर आता शिल्लक दोघंच, साहेब आणि मी. वास गाडीतून गेला होता. तो आता बाहेरून, उन्हातून येत होता, आणि लांब लांब जात होता.

साहेबांचा दुसरा पाय पायरीवरून निघेना.

त्यांनी आधी ओढला. मग दोन्ही हातांनी मांडी धरून ओढला. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता. त्यांनी हात पुढे केला.

मी सात-आठ पावलं टाकली असती तर तो हात मला सापडला असता.

मी दांडा सोडला नाही.

दार मिटलं. आपटलं वगैरे नाही, रोज जसं सुस्कारा टाकून मिटतं तसंच मिटलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं, गाडी हलवली. मी मागे जाऊन पाहिलं. पायरी मोकळी होती. काचेतून मागे रस्ता दिसत होता, तोही मोकळा. रक्ताचा टिपूस नाही, रुमाल नाही.

शेवटच्या थांब्यावर मी उतरले. पाटीवर एक शिल्लक होता.

चौकशी झाली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब टाकीवर उतरले असं मला वाटलं. कॅमेऱ्यात त्यांचा एक पाय रस्त्यावर टेकलेला दिसतो, आणि त्यानंतरच्या चित्रात कुणीच नाही. विभागाचा तात्पुरता कारभार माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘मयत उतारू. दार सदोष.’ सरकारनं माहिती स्वीकारली. गाड्या उभ्या राहिल्या, एकेक दार तपासलं गेलं. मी नक्कल घेऊन घरी गेले. भाऊजींनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि लहान मुलासारखे रडले. “मी तिला काय काय बोललो गं,” म्हणाले. मग उठून तिचा फोटो पुसला.

साहेबांच्या बायकोचा फोन अजून येतो. बाई चांगल्या आहेत, आवाज खाली ठेवून बोलतात. कालही आला. नेहमीचाच प्रश्न होता.

“तुम्ही तिथे होतात. ते नक्की उतरले होते ना हो?”

“उतरले होते, वहिनी,” मी म्हटलं. “दोन्ही पाय जमिनीवर टेकले होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे कुठे गेले ते आता कोण सांगणार?”

त्या रडायला लागल्या. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी वाटलं. पण मी शब्द फिरवला नाही, आणि फिरवणारही नाही.

फोन ठेवून मी खिडकीतून आवारात पाहिलं. साहेबांच्या फेरीची ती गाडी मिस्त्रींनी बॅटरी काढून, दारांना साखळ्या घालून कुंपणाशी उभी केलीय. रिकामी गाडी, पण मागच्या दाराच्या बाजूला जराशी झुकलेली असते. पायरीवर वजनदार माणूस उभा राहिल्यावर झुकते तेवढी. मिस्त्रींनी स्प्रिंगा बदलून पाहिल्या, खालची जमीन सारखी करून पाहिली.

मी बघत होते तेव्हा ती सावकाश सरळ झाली. थोडा वेळ तशीच राहिली. मग पुढच्या, त्या दिवशी मी उभी होते त्या दाराच्या बाजूला झुकली.