मागची डावी सीट

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही. पीयूषदादा माझा मावसभाऊ. देवासला गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो, आणि खोटं बोलायचं म्हटलं तर त्याची जीभच अडखळते.

आणि रात्रबित्र काही नव्हती. गेल्या वैशाखातली टळटळीत दुपार. धारच्या बाहेर, मांडू रस्त्यावर मानसिंगरावांचं आवार आहे. ते जुन्या गाड्या घेतात, नीट करून विकतात.

एक सात सीटर त्यांच्या गळ्यात पडली होती. चालता चालता मीटरचे सगळे दिवे लागायचे आणि गाडी मुकी व्हायची.

आजकालच्या गाडीत इंजिनाचा, ब्रेकचा, दारांचा असे वेगवेगळे छोटे कंप्युटर असतात. ते सगळे दोनच तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्यातला एक जरी बरळायला लागला, तरी बाकीच्यांचं बोलणं बंद. मग एकेकाचा प्लग काढत जायचं. ज्याचा काढल्यावर बाकीचे बोलायला लागतील, तो चोर.

"पीयूष भिया, तू आरामात कर. मी जेवून येतो," म्हणत मानसिंगराव गेले. आवारात चिटपाखरू नाही.

दादानं मोबाईल बॉनेटवर ठेवला आणि आत बसला. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, चालली होती, धूळ आत यायला लागली, म्हणून दारं ओढून घेतली.

दारांचा प्लग काढला. काचांचा काढला. हॉर्नचा काढला. फरक शून्य.

आणि मग...

टिंग. टिंग. टिंग.

मागे कोणी पट्टा न लावता बसलं की वाजते ना, ती घंटी.

दादानं वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. गाडीतले बिघाड वाचणाऱ्या हातातल्या स्कॅनरवर मात्र ओळ आली होती... मागची डावी सीट. प्रवासी बसलेला.

चोर सापडला म्हणून तो खूशच झाला. मागे गेला, उजव्या बाजूला टेकला आणि वाकून डाव्या सीटखालचा प्लग उपटला.

टिंग. टिंग.

प्लग त्याच्या हातात, आणि घंटी चालूच.

मग त्यानं तेच केलं, जे आपण सगळेच करतो. कटकट नको म्हणून रिकाम्या सीटचा पट्टा अडकवून टाकतो की नाही? त्यानं अडकवला.

खट्.

घंटी थांबली. मीटरचे दिवे विझले. स्कॅनरवर सगळे कंप्युटर बोलायला लागले... ज्यांचे प्लग त्यानं काढून ठेवले होते, तेसुद्धा.

आणि चारही दारांची लॉकं एकदम पडली.

"दारांचा प्लग तर मीच काढला होता रे," दादा आजही म्हणतो. "मग लॉक केलं कोणी?"

हँडल ओढलं, नुसतं आलं-गेलं. पुढच्या दारांचंही तेच. काचांची बटणं मेलेली, हॉर्न मुका. बाहेर पडायची एकेक वाट त्यानं स्वतःच्याच हातानं बंद करून ठेवली होती. पान्यानं काच ठोकली. ओरखडासुद्धा नाही.

बॉनेटवर मोबाईल थरथरायला लागला. शिखावहिनीचा फोन. तिचं नाव त्याला काचेतून दिसत होतं. वाजून वाजून तो बंद झाला.

बंद गाडीत, वैशाखाच्या उन्हात माणूस किती टिकतो, हे दादाला ठाऊक होतं. श्वास पुरेना. आपण इथंच मरणार, असं त्याला स्वच्छ वाटलं. तो मागच्या सीटवर कोसळला.

तेव्हा त्याचं लक्ष त्या पट्ट्याकडे गेलं.

लावला तेव्हा तो सीटवर सैल पडला होता. आता तो... पुढे आलेला होता. सीट आणि पट्टा यांच्यामध्ये एका माणसाच्या पोटाइतकी जागा.

आणि पट्टा मागे-पुढे होत होता. संथपणे. श्वासासारखा.

दादानं खटका दाबला. उघडेना. पट्टा ताणून धरलेला. त्याच्यासारखंच तिथंही कोणीतरी सुटायची धडपड करत होतं.

आमची माई, म्हणजे दादाची आई, गाडीत बसली की झोपते. जाग आली की पट्ट्यात घाबरते, ओढाओढ करते, आणि मग खटका अडतो. दादा तिच्या हातावर हात ठेवून म्हणतो, "उतर माई, घर आलं." की ती निवते.

त्या क्षणी त्याला दुसरं काहीच सुचलं नाही. त्यानं रिकाम्या सीटवर हात ठेवला. भर वैशाखात ती गार होती.

"उतरा," तो म्हणाला. "घर आलं."

पट्टा सैल पडला.

खट्.

डावीकडचं दार आपोआप उघडलं... आणि दबलेली गादी हळूच वर आली.

मानसिंगराव परतले तेव्हा दादा कडुनिंबाखाली बसला होता.

"ही गाडी कुठली?"

"लिलावातली. घाटात उलटली होती."

"मागे कोण होतं?"

मानसिंगरावांनी रुमालानं मान पुसली. "एक बाई होत्या म्हणतात. घरी चालल्या होत्या. पट्टा उघडलाच नाही, कापावा लागला. हा नवा लावलाय. जाऊ दे ना भिया, तू कुठे त्यात पडतोस."

गाडी मात्र सुधारली. पुन्हा कधी अडली नाही.

गेल्या महिन्यात मी देवासला गेलो होतो. दादाच्या जुन्या गाडीतून आम्ही अमझेऱ्याला देवदर्शन करून आलो. त्या गाडीत घंटी नाही, स्कॅनर लावायला काही नाही. साधे पट्टे. मी पुढे बसलो, माई मागे उजवीकडे. डावीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता. माईनंच लावला असेल, असं मला वाटलं.

दाराशी पोचलो तेव्हा माई झोपली होती. दादानं मागे वळून तिच्या हातावर हात ठेवला.

"उतर माई, घर आलं."

खट्.

आणि डावीकडून...

खट्.

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही मान वळवली नाही. समोर शिखावहिनी दार उघडून उभी होती. ती जराशी बाजूला सरकली, कोणाला आत जायला वाट द्यावी तशी.

घर आलं, असं दादा त्या दुपारी म्हणाला खरा. कोणाचं, ते सांगायचं राहून गेलं.