हिरडी धरेपर्यंत

"तो दात माझा आहे."

अनोळखी माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्यातल्या खिडकीपाशी उभी होती. एका हातात छोटा आरसा, दुसऱ्या हाताने वरचा ओठ उचललेला. या अवतारात कुणी बघू नये म्हणून तर ती जिन्यात आली होती.

तिने ओठ सोडला, आरसा मिटला आणि नाकावर जमेल तेवढा राग आणून विचारलं, "काय म्हणालात?"

"पुढचा, डावीकडचा. मीच बनवलाय." त्याच्या काखेत खोका होता आणि बोटांना पांढरी पूड लागलेली. "डॉक्टर मापं पाठवतात, मी दात करून देतो. चेहरे काही आमच्या वाट्याला येत नाहीत... आज पहिल्यांदाच आला."

आता यावर चिडावं की हसावं? तिला हसू आलं, पण ती ओठ घट्ट मिटून हसली. हल्ली ती अशीच हसायची.

शाळेतल्या झोपाळ्याची फळी लागून तिचा दात गेला होता. हाडात स्क्रू रोवून त्यावर नवा बसवला. दात झकास होता, पण त्याच्याभोवतीची हिरडी हळूहळू वर सरकली आणि आतल्या धातूची करडी कड डोकावू लागली. दुसरी एखादी असती तर तिने काणाडोळा केला असता. पण ही शिकवायची ऐकू न येणाऱ्या मुलांना. तिचा अख्खा वर्ग तिचे ओठ वाचायचा, आणि ती कड लपवण्यासाठी ओठ खाली ओढून बोलायला लागली होती. मुलं चुकू लागली. मुख्याध्यापक बाईंनी मायेनेच सुचवलं, की काही दिवस वर्ग सोडून कार्यालयाचं काम बघ. ते तिला फार लागलं. वर्ग सोडायचा नाही, हे तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

कारागिराकडे सोपा उपाय होता. दाताच्या वरच्या कडेला गुलाबी चिनी माती चढवायची, अगदी हिरडीसारखी. कुणाला पत्ता लागणार नाही.

"मला लागेल ना," ती म्हणाली. "झाकाझाक पुरे झाली. तोंडातल्या टाळूची कातडी काढून हिरडीला लावता येते म्हणतात डॉक्टर. तेच करणार मी."

"स्क्रूभोवती ती धरायला अवघड असते. नाही धरली तर?"

"धरेल."

त्या एका शब्दाने आपली विकेट गेली, असं त्याने पुढे कबूल केलं. तेव्हा मात्र तो नुसताच खोका सांभाळत खाली उतरला आणि दोन पायऱ्या चुकला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरबाईंनी सक्त ताकीद दिली — ओठ उचलून बघायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. आई मऊ आणि गार तेवढंच पुढ्यात ठेवायची. दादा म्हणाला, या घरात इतकी शांतता त्याने जन्मात अनुभवली नव्हती. ती बिचारी मूग गिळून बसली होती.

तात्पुरता दात हिरडीला टेकत तर नाही ना, हे बघायला कारागीर दवाखान्यात यायचा. तो नुसतं बघेल तर ना! एके दिवशी गंभीर चेहऱ्याने तो म्हणाला, "तुमच्या जबड्याचा साचा माझ्या टेबलावर असतो. सकाळी कुणाचं तोंड पाहिलं असं कुणी विचारलं, तर आता उत्तर आहे माझ्याकडे."

ती फस्सकन हसली. टाका तुटला. ओठावर रक्त आलं आणि नव्या हिरडीचा कोपरा उचलला गेला.

डॉक्टरबाईंनी पुन्हा टाका घातला, दोघांनाही झापलं आणि सांगितलं, की आता वाट बघण्याशिवाय इलाज नाही. तिचा जीव टांगणीला लागला. आणि तो... तो गायबच झाला. सगळं काम दवाखान्यातल्या मदतनीस बाईंच्या हाती पाठवू लागला.

तिने चार दिवस वाट पाहिली. मग पत्ता काढून, भर पावसात, थेट त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली. छोटी भट्टी, मांजराच्या मिशीएवढे ब्रश, फळीवर ओळीने जबडे. ओल्या बोटांनी तिने मोबाईलवर लिहिलं आणि त्याच्यासमोर धरलं — पळालात का?

"मी बोललो की तुम्ही हसता," तो खाली बघत म्हणाला. "आणि तुम्ही हसलात की... तुमचा वर्ग जाईल माझ्यामुळे."

मग न हसवता बोला, तिने लिहिलं.

 तो ब्रश पुसत बसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"मला घाबरलो की विनोद सुचतात," शेवटी तो म्हणाला. "तुमच्यासमोर मी सारखा घाबरलेला असतो. तुम्ही आवडता मला. फार. लग्न कराल का माझ्याशी?"

तिचे कान गरम झाले. ओठ मात्र तिने जराही हलू दिला नाही. बराच वेळ खोडत, लिहीत राहिली, आणि उरलं ते एवढंच — उत्तर लिहून देणार नाही. तोंडाने देईन. हिरडी धरू दे.

मग दोघांचाही जीव त्या कोपऱ्यात अडकला. रोज सकाळी आरशासमोर तिचा हात ओठाकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची.

धरली. कोपऱ्यात बारीकशी खाच राहिली, पण धातू पार झाकला गेला, तोही तिच्या स्वतःच्या हिरडीने. त्याने हिरडीला जागा राहावी म्हणून निमुळत्या मानेचा नवा दात करून दिला आणि आशेने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "उद्या शाळेत या. वर्गातल्या उजेडात बघा कसा दिसतोय ते."

तो आला तेव्हा वर्गाचं दार बंद होतं. दाराच्या काचेतून त्याला ती दिसली, मुलांकडे तोंड करून उभी. तिनेही त्याला पाहिलं. आधी तिने मुलांना सोपे शब्द दिले, मग अवघड. एकही चुकला नाही. तिने मोठा श्वास घेतला आणि दाराकडे बोट दाखवून, ओठ मुळीच न ओढता एक वाक्य म्हणाली.

सगळ्या माना एकदम दाराकडे वळल्या. मुलं त्याला आपादमस्तक न्याहाळू लागली. एक मुलगी तर बाकावर चढली.

काचेपलीकडे त्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्याने हातानेच विचारलं, काय? तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, नव्या विद्यार्थ्याला सांगावं तसं, सावकाश. तिसऱ्या खेपेला त्याला वाचता आलं.

हे माझे होणारे नवरे.

तो दार उघडून आत आला. काय करावं ते न कळून आधी मुलांकडे वळला आणि सगळ्यांना दिसेल असं तोंड उघडून म्हणाला, "हो." मग तिच्याकडे वळून पुन्हा एकदा म्हणाला.